बिलावरचा पत्ता, दाखल्यावरचं वर्ष

वाचकांचे प्रश्न : लहान धंदा, बचत गट, संस्था आणि देवस्थान

(आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांचा हिशेब जुन्या कायद्यानेच होतो आणि लोकांच्या तोंडीही जुनेच आकडे आहेत. म्हणून उत्तरांत संस्थेच्या करमाफीचं १२ए, देणगीदाराच्या वजावटीचं ८०जी हे ओळखीचे शब्द तसेच ठेवले आहेत.)

प्रश्न : नवापूरला माझं भांडी, मिक्सर, पंखे यांचं दुकान आहे. जीएसटी कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक, कमी दराच्या योजनेत भरतो. बाजाराच्या दिवशी निम्मं गिऱ्हाईक उच्छलकडून, म्हणजे गुजरातमधून येतं. रोख पैसे देऊन माल पिशवीत घालून नेतं. सल्लागार म्हणतात, कंपोझिशनवाल्याला परराज्यात विक्री चालत नाही. मग या गिऱ्हाइकाला परत लावू का?

परत लावू नका, बिलबुकाकडे बघा. तुमच्या गावच्या रेल्वे स्टेशनातूनच राज्याची हद्द जाते. तिथे गिऱ्हाईक कुठल्या राज्यातून आलं हे कायदा विचारत बसत नाही. तो बिलावर काय लिहिलंय ते वाचतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून एकात्मिक जीएसटी (आयजीएसटी) कायद्याच्या कलम १० मध्ये नवी तरतूद आली. जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाला माल विकला आणि बिलावर त्याचा पत्ता लिहिला, तर विक्री त्या पत्त्याच्या राज्यात झाली असं धरायचं. पत्ता लिहिलाच नाही, तर विक्री दुकानाच्या जागी, म्हणजे महाराष्ट्रात. पूर्ण पत्ता लागतो असंही नाही. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असंच मानतात.

आता मागची बिलं चाळा. नावाखाली ‘ता. उच्छल, गुजरात’ असं लिहिलेली काही सापडतील, बहुतेक मिक्सरची, वॉरंटीसाठी लिहिलेली. त्या एका ओळीनं दीड हजाराच्या मिक्सरची विक्री आंतरराज्य झाली आणि कंपोझिशनमध्ये मालाची आंतरराज्य विक्री करताच येत नाही. तपासणीत अशी बिलं निघाली, तर सवलतीला तुम्ही पात्रच नव्हता असं धरून नेहमीच्या दरानं कर, वर व्याज आणि दंड मागता येतो. तो कर गिऱ्हाइकाकडून घेतलेला नसतो, त्यामुळे सगळा तुमच्या गल्ल्यातून जातो.

वॉरंटीचा पत्ता वॉरंटी कार्डावर लिहा, बिलावर नको. कंपोझिशनच्या ‘बिल ऑफ सप्लाय’वर नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता टाकायची सक्ती नाही. पण ही मोकळीक काउंटरवरून माल उचलून नेणाऱ्यापुरतीच. तुमच्या टेम्पोनं उच्छलला माल पोचवायचा असेल तर जिथे पोचवायचा तोच पत्ता बिलावर यायला हवा. तो गाळला तर त्याला नजरचूक कुणी म्हणणार नाही. तिकडचा दुकानदार आपला जीएसटी नंबर बिलावर टाका म्हणाला आणि नंबर २४ नं सुरू होत असेल, तर सरळ नाही म्हणा. २४ म्हणजे गुजरात, २३ मध्य प्रदेश, आपला २७. तसंही कंपोझिशनच्या बिलावर त्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, मिळत नाही.

शहादा-खेतिया, शिरपूर-सेंधवा, रावेर-बऱ्हाणपूर या पट्ट्यातल्या दुकानदारांनाही हेच लागू आहे. रेग्युलर नोंदणी असेल तर गुजरातचा पत्ता लिहायला हरकत नाही. फक्त मग केंद्र-राज्य असा दोन भागांत कर न लावता आयजीएसटी लावायचा. ₹५०,००० आणि त्यावरच्या बिलावर तर पत्ता आणि राज्य लिहावंच लागतं.

प्रश्न : धरणगाव तालुक्यात आमची कापसाची खेडा खरेदी आहे, जीएसटी नंबर आहे. शेतकऱ्याकडून घेतो, जिनिंगला ५ टक्के लावून विकतो, तो कर वेळेवर भरतो. आता नोटीस आली आहे की खरेदीवरचा आरसीएम भरला नाही. एकाच कापसावर दोनदा कर कसा?

कर दोनदा बसत नाही, पण भरावा दोन ठिकाणी लागतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून नियम असा आहे : नोंदणी असलेल्यानं शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला, तर त्या खरेदीवरचा कर शेतकऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा. याला रिव्हर्स चार्ज, म्हणजेच आरसीएम म्हणतात. हा पैसा क्रेडिटमधून वळता करता येत नाही, कॅश लेजरमधून, म्हणजे पोर्टलवरच्या रोख खात्यातूनच जातो. भरला की त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं.

उदाहरणापुरता भाव धरू. १०० क्विंटल, ₹७,००० नं, म्हणजे खरेदी ₹७,००,०००. आरसीएम ५ टक्के : ₹३५,०००, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. तोच कापूस जिनिंगला ₹७,२०,००० ला दिला, विक्रीवरचा कर ₹३६,०००. त्यातून ₹३५,००० चं क्रेडिट वजा झालं की ₹१,००० भरायचे. खिशातून एकूण ₹३६,००० च गेले. तुम्ही आजवर खरेदीवरचे ₹३५,००० भरले नाहीत आणि विक्रीवर सगळे ₹३६,००० रोख भरले. सरकारला पैसा पोचला, पण चुकीच्या खान्यातून. आणि संगणक खाना बघतो : जीएसटीआर-३बी या रिटर्नमध्ये आरसीएम ३.१ डी ला दिसायला हवा, त्याचं क्रेडिट ४ ए ३ ला. तुमच्याकडे दोन्ही ठिकाणी शून्य आहे, म्हणून नोटीस.

आता काय करायचं? प्रत्येक खरेदीचं स्वतःच्या नावे बिल, म्हणजे सेल्फ इन्व्हॉइस, करावं लागतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला माल मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. जुन्या खरेदीची बिलं आता बनवा, कर १८ टक्के व्याजासह भरा आणि क्रेडिट घ्या. शेतकऱ्यासारख्या नोंदणी नसलेल्याकडून केलेल्या आरसीएम खरेदीत क्रेडिटची मुदत सेल्फ इन्व्हॉइस ज्या वर्षात केलं त्या वर्षापासून मोजतात, असं २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. म्हणजे मूळ रक्कम बुडत नाही. व्याज मात्र जातं, आणि बिल उशिरा केल्याबद्दल दंडाची गोष्ट निघू शकते.

कापूस शेतकऱ्याचाच होता याचा पुरावा ठेवा : सातबाऱ्याची प्रत, आधारची प्रत, काटापावती. गावातला दुसरा व्यापारी गोळा करून आणतो त्या कापसाला हा आरसीएम नाही. आयकरातही हा फरक नडतो. एका माणसाला एका दिवसात ₹१०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च धरत नाहीत. पिकवणाऱ्याला त्याच्या शेतमालाचे रोख पैसे दिले तर सूट आहे, मधल्या माणसाला दिले तर नाही. ज्याच्या घरासमोर काटा लावतो त्याच्याच नावावर सगळ्या गावाची पेमेंट टाकायची पद्धत इथेच अंगाशी येते.

प्रश्न : सावदा परिसरातला आमचा महिला बचत गट उडदाचे पापड, केळीचे वेफर्स आणि मसाला करतो. वर्षाची विक्री सहा-सात लाख. सुरतच्या दुकानदारानं मागणी दिली आहे. जीएसटी लागेल का? उद्यम (लघुउद्योग) नोंदणीसाठी एकानं ₹२,५०० मागितले.

ताई, पापड सुरतला खुशाल पाठवा. वेफर्स आणि मसाला मात्र नंबर घेतल्याशिवाय नको. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ₹४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून लागते. पापडावर कर शून्य आहे, म्हणून नुसते पापड कितीही लांब गेले तरी नोंदणी नाही. वेफर्स आणि मसाल्यावर ५ टक्के आहे, तिथे ४० लाखांची ढाल चालत नाही. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन कंपन्यांमार्फत विकायचं असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय चालतं; जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर तेवढा घ्यावा लागतो.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे आणि तिथे बचत गट असा पर्यायही आहे. गटाच्या नावाचं पॅन आधी काढा. ₹२,५०० मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पुड्यावर १४ आकडी फूड नंबर, म्हणजे एफएसएसएआयचा नंबर लागतो. शिवाय वजनमापाच्या नियमांप्रमाणे पदार्थाचं नाव, गटाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, माल तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, ग्रॅम किंवा किलोमागे किंमत आणि तक्रारीसाठी फोन हवा. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंद करायची. पापडात सगळ्यात जास्त गडबड वजनाची होते. अर्धवट वाळलेला पापड पॅक केला आणि वैशाखात पुडा दुकानात पडून राहिला की पाणी उडतं, वजन उतरतं. २०० ग्रॅमच्या पुड्यात ९ ग्रॅमपर्यंत तूट माफ आहे, त्यापुढे केस होते. पापड कडक वाळल्यावरच तोला आणि काटा पाच-सात ग्रॅम वर ठेवा.

प्रश्न : धुळ्याला धान्याची अडत आहे. अडत आणि थोडी स्वतःची खरेदी-विक्री मिळून उलाढाल दोन कोटींच्या आत. वह्या न ठेवता ८ टक्के नफा दाखवून ४४एडी या अंदाजी नफ्याच्या कलमात रिटर्न भरलं तर चालेल ना?

नाही. कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न असलेल्या माणसालाच ४४एडी बंद आहे, त्यामुळे तुमच्या खरेदी-विक्रीलाही ते मिळत नाही. वह्या ठेवा. ऑडिटची मर्यादा मोजताना कच्चा अडत्या (दुसऱ्याच्या मालावर नुसती अडत घेणारा) फक्त आपली अडत धरतो, पक्का अडत्या (स्वतःच्या नावावर व्यवहार करणारा) पूर्ण विक्री धरतो. हे १९८६ च्या परिपत्रकापासून चालत आलं आहे. तुम्ही दोन्ही करता, म्हणून दोन्हीची खाती वेगळी ठेवली नाहीत तर सगळी उलाढाल तुमचीच असं धरलं जाईल.

प्रश्न : चोपड्याला भाड्याच्या गाळ्यात दुकान आहे, जीएसटी रेग्युलर. मालकाकडे नंबर नाही. भाडं ₹१२,०००. त्यावर मला कर आहे का?

आहे, १० ऑक्टोबर २०२४ पासून. १८ टक्क्यांनी महिन्याला ₹२,१६० आरसीएम रोख भरायचा आणि क्रेडिट घ्यायचं, वरच्या कापसासारखंच. कंपोझिशनवाल्यांना यातून १६ जानेवारी २०२५ पासून वगळलं आहे.

प्रश्न : पारोळा तालुक्यातलं आमचं वाचनालय सोसायटी आणि ट्रस्ट अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेलं आहे. २०१४ पासून तीन कार्यकारिणी बदलल्या, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज एकही केला नाही. आता बँक सह्या बदलून देत नाही. ताज्या कार्यकारिणीचा एकच अर्ज केला तर भागेल का?

भागणार नाही. बँक जो ‘शेड्यूल वनचा उतारा’, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद, मागते, त्यावर अजून २०१४ च्या आधीचीच नावं आहेत. ही गोष्ट वारस नोंदीसारखी असते : आजोबांच्या नावावरची जमीन मधला फेरफार वगळून थेट नातवाच्या नावावर चढत नाही. प्रत्येक निवडीचा बदल अर्ज वेगळा आणि क्रमानं द्यावा लागतो. कारण दुसरी कार्यकारिणी निवडणारी सभा पहिल्या कार्यकारिणीनं बोलावली होती, आणि पहिलीच नोंदलेली नसेल तर ती सभा बोलावण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न हरकत घेणारा माणूस पहिल्याच तारखेला काढतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. तुमचे तिन्ही मुदतीबाहेर आहेत, म्हणून प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडा. विलंब माफ करताना खर्चाची रक्कम भरायला लावतात. उशिराचं कारण खरं लिहा. ‘पाहू ना भो नंतर’ म्हणत दहा वर्षं गेली असतील तर सरळ ‘माहितीअभावी’ लिहा. अध्यक्ष आजारी होते असं लिहिलं आणि त्याच काळातल्या प्रोसिडिंगवर त्यांच्या सह्या निघाल्या, तर अर्ज अडकतो.

प्रत्येक अर्जाला लागतं ते असं : सभेचा अजेंडा, तो सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, प्रोसिडिंगची प्रत, नव्यांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले. बहुतेक अर्ज पोचपावतीवर मार खातात. घटनेत १४ दिवसांची नोटीस लिहिलेली असते आणि अजेंडा निघतो पाच दिवस आधी, तोही शिपायाच्या हाती, सह्यांच्या वहीशिवाय. संस्थेची घटना काढून नोटिशीचे दिवस, गणसंख्या आणि कार्यकारिणीची मुदत ही तीन कलमं आधी वाचा. २०१४ च्या किंवा २०१९ च्या सभेची कागदं सापडली नाहीत तर मागच्या तारखेचं प्रोसिडिंग लिहू नका. हयात असलेले जुने विश्वस्त आणि सभासद यांची प्रतिज्ञापत्रं घेऊन वकिलामार्फत मार्ग काढा. दिवस जास्त लागतात, पण फौजदारी मागे लागत नाही.

धर्मादाय कार्यालयात जाताना दरवर्षीचे ऑडिट रिपोर्टही न्या, परिशिष्ट ८, ९ आणि ९सी सकट. तेही राहिले असतील तर आधी तेच विचारतील.

प्रश्न : शहाद्याजवळ आमची आदिवासी मुलांसाठी काम करणारी संस्था आहे. १२ए आणि ८०जी च्या दाखल्यावर ‘निर्धारण वर्ष २०२५-२६ ते २०२७-२८’ असं आहे. म्हणजे मार्च २०२८ पर्यंत निश्चिंत?

नाही, आणि बरोबर याच वाचनानं संस्था गोत्यात येतात. निर्धारण वर्ष २०२७-२८ म्हणजे १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ हे आर्थिक वर्ष. नोंदणी ३१ मार्च २०२७ ला संपते. तीन वर्षांची आहे म्हणजे ती तात्पुरती आहे. ती कायम करण्यासाठी फॉर्म १०एबी मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत द्यायचा असतो, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत. या दोन तारखांपैकी जी आधी येईल ती खरी. वर्ग, शिबिरं २०२५ मध्येच सुरू झाली असतील तर तुमची तारीख कधीच उलटली.

उशीर झाला तर अर्ज आजच करा आणि सोबत विलंब माफी मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून १२ए साठी आयकर आयुक्तांना तो अधिकार आहे. दुर्लक्ष केलं तर नुसती सूट जात नाही. संस्थेच्या सगळ्या मालमत्तेचा बाजारभाव काढून, त्यातून देणी वजा करून, उरलेल्या रकमेवर कमाल दरानं कर बसू शकतो. वीस वर्षांपूर्वी दान मिळालेली रस्त्यालगतची एक एकर जमीन आज काय भावाची आहे ते बघा, म्हणजे हे प्रकरण केवढं आहे ते कळेल.

ज्या जुन्या संस्थांच्या दाखल्यावर ‘२०२२-२३ ते २०२६-२७’ आहे, त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली आणि अर्जाची तारीख ३० सप्टेंबर २०२५ होती. १ एप्रिल २०२५ नंतर अर्ज करणाऱ्या, मागच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न ₹५ कोटींच्या आत असलेल्या संस्थांना १२ए पाचऐवजी दहा वर्षांसाठी मिळण्याची सोय झाली आहे. काम सुरूच न केलेल्या नव्या संस्थेला ती नाही.

८०जी चं सांगायचं तर ₹२,००० च्या वर रोख देणगी घेतली तरी देणाऱ्याला वजावट मिळत नाही, पावती कितीही सुंदर छापा. देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मे पर्यंत द्यायची आणि तिथून निघणारं १०बीई प्रमाणपत्र त्यांना पाठवायचं. उशिराला रोज ₹२०० आहेत. पावतीवर नाव, पत्ता, पॅन त्याच वेळी लिहून घ्या. मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या देणगीदारांना पॅनसाठी फोन लावत बसणं फार कंटाळवाणं काम आहे.

प्रश्न : अमळनेर तालुक्यातलं आमचं छोटं देवस्थान. आवारात सभागृह रोजी ₹१२,०००, पंधरा गाळे महिना ₹६,०००, खोल्या रोजी ₹३००. दानपेटी वेगळी. जीएसटी नंबर घ्यावा का?

आयकराची १२ए नोंदणी असलेल्या देवस्थानाच्या आवारातल्या खोल्या रोजी ₹१,००० च्या आत, सभागृह किंवा पटांगण रोजी ₹१०,००० च्या आत आणि गाळे महिना ₹१०,००० च्या आत असतील तर भाड्यावर कर नाही. तुमचे गाळे आणि खोल्या सुटल्या, सभागृह अडकलं.

पण नंबर घ्यायचा की नाही हे ठरवताना करमाफ भाडंही मोजतात. सभागृह वर्षात ६० दिवस लागलं तर ₹७,२०,०००. गाळ्यांचे ₹१०,८०,०००. खोल्यांचे तीन लाख धरा. बेरीज ₹२१ लाख, सेवांची मर्यादा ₹२० लाख. दानपेटीचा पैसा यात येत नाही. म्हणजे नंबर लागेल, आणि कर फक्त सभागृहावर १८ टक्के, ₹१,२९,६००. सभागृहाचा दर ₹९,९०० केला तर हा करच राहत नाही, आणि वर्षाला भाडं कमी होतं ₹१,२६,०००. विश्वस्तांनी हा हिशेब सभेत मांडावा. मात्र ₹९,९०० भाडं आणि ‘सफाई’, ‘लाईट’ म्हणून ₹२,००० वेगळ्या पावतीनं घेऊ नका, दोन्ही एकत्र धरले जाऊ शकतात.

गाळ्यांचे करारही काढून बघा. इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षं आहे. ‘तीन वर्षे, पुढे गाळेधारकाच्या मर्जीने वाढ’ असं वाक्य असेल तर पुढच्या नूतनीकरणात ते काढून टाका.